केडगावचा प्रपंच

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग १८५८ साली दिक्सळपर्यंत खुला झाला. हडपसर मागे पडले की मांजरी, मग लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि त्यानंतर केडगाव, अशी या मार्गावरची स्थानके. मी मांजरीचा. २०२१ साली आमचे गाव पुणे महानगरपालिकेत दाखल झाले आणि त्याचे गावपण आता कागदावरही उरले नाही. पण या गावाला एक जुना मान आहे. महात्मा जोतीराव फुले यांची शेती मांजरीला होती. कालव्याच्या पाण्यावर पीक कसे घ्यावे, हे त्यांनी येथे स्वतः करून दाखवले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा हात नांगराला अनोळखी नव्हता, एवढे सांगायला आम्हा मांजरीकरांना फार आवडते.

याच जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार' नावाची छोटी पुस्तिका काढली. ब्राह्मण आणि शूद्र यांच्या संवादातून ती लिहिलेली आहे आणि तिचे निमित्त होते पंडिता रमाबाईंचे धर्मांतर. सारे पुणे या बाईवर तुटून पडलेले असताना तिच्या बाजूने उभा राहणारा माणूस ख्रिस्ती नव्हता, तिचा आप्त नव्हता, तिच्या जातीचाही नव्हता. पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त याच माणसाने एका कुटुंबाचे चित्र रेखाटले. एकाच घरात कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी महमदी व कोणी सत्यधर्मी असावे आणि कोणी कोणाचा द्वेष करू नये, असे ते चित्र. जोतीराव १८९०च्या नोव्हेंबरात वारले. आपण जिची बाजू घेतली त्या बाईने आपल्या शेतावरून जाणाऱ्या वाटेने पुढे पाच-सहा स्थानकांवर काय उभे केले, ते पाहायला ते उरले नाहीत. ते आपण पाहू.

रमाबाईंचे पूर्वचरित्र मराठी वाचकाला ढोबळमानाने ठाऊक असते. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्म. अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासारखा पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवणारा विलक्षण पिता. तीर्थयात्रा, पुराणकथन, दुष्काळात उपासमारीने आईबापांचा अंत. भावासह पायी केलेला हिंदुस्थानचा प्रवास. १८७८ साली कलकत्त्यात मिळालेली 'पंडिता' व 'सरस्वती' ही बिरुदे. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह आणि १८८२च्या फेब्रुवारीत आलेले वैधव्य. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे या चरित्राची चर्चा बहुधा येथेच थांबते. बाप्तिस्मा का घेतला, घ्यावयास हवा होता की नको, एवढ्यावरच पुण्याने दहा वर्षे शाई आटवली. मला स्वतःला हा प्रश्न दुय्यम वाटतो. माणसाने धर्म कोणता पत्करला यापेक्षा पत्करल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले, हे पाहणे इतिहासाला अधिक सोपे आहे आणि अधिक उपयोगाचेही आहे.

या श्रद्धेची सुरुवात कोठे झाली ते रमाबाईंनीच आपल्या साक्षीत सांगून ठेवले आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनींचे एक घर होते. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा स्त्रियांना तेथे आसरा मिळे. ज्या बायकांना आपल्याकडे उंबऱ्याबाहेर काढतात, त्यांची शुश्रूषा येथे कुलीन बायका करतात, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. हे तुम्ही का करता, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. म्हणजे ग्रंथ नंतर आला, काम आधी दिसले. जिने बालपणापासून ग्रंथच ग्रंथ पाठ केले, तिला ग्रंथाने जिंकले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याचा अर्थ त्या गोऱ्या पाद्र्यांपुढे मान तुकवून बसल्या, असा मुळीच नाही. सिस्टर जेराल्डिन यांनी जमवलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो जिज्ञासूंनी अवश्य वाचावा. मांसाहाराला त्यांनी ठाम नकार दिला. क्रुसावरच्या अक्षरांचा प्रश्न निघाला तेव्हा लॅटिन ही काही संस्कृतपेक्षा पवित्र भाषा नव्हे, असे त्यांनी बजावले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे बिशपांनी सुचवताच त्या रागावल्या. पटत नसलेली मते केवळ चर्च सांगते म्हणून मानायची त्यांची तयारी नव्हती. आपण ख्रिस्ताचे झालो, इंग्रजांचे नव्हे, हा भेद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावर आणि तेथील इस्पितळातल्या कारभारावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून सरकारला खडसावले, ते याच वृत्तीने. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही.

आता शारदा सदनाच्या प्रकरणाकडे वळले पाहिजे, कारण खरी अडचण तेथे आहे आणि ती टाळून रमाबाईंची स्तुती करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८८९च्या ११ मार्चला मुंबईत चौपाटीवर हे सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा पैसा आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांचा सल्ला अशी त्याची घडण. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, मुलींच्या सोवळ्याओवळ्यात हात घातला जाणार नाही, असे वचन होते. आणि स्वयंपाक वगैरे गोष्टींत ते पाळलेही गेले. पण १८९१च्या सुमारास रमाबाईंच्या अंतर्यामात काही तरी बदलले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ही बाई पूर्ण मनाने ख्रिस्ती झाली.

आणि तंटा लागलीच उभा राहिला. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही आणि दारही लावणार नाही. 'केसरी'चे म्हणणे असे की, अनाथ पोरींच्या पुढे उघडे दार हेच बोलावणे होय. १८९३ साली रानडे-भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हे खरे. शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई त्याच १८९३च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, आनंदीबाई कर्वे म्हणून नावारूपाला आल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही तितकेच खरे.

मला दोन्ही पक्षांचे म्हणणे समजते. वचन देताना रमाबाईंना वाटले असेल की, श्रद्धा ही खोलीत ठेवता येण्यासारखी वस्तू आहे. ती तशी नसते, हे अनुभवाने कळले तेव्हा वचन आणि मन यांत फट पडली. पुणेकरांचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण बाई लबाड होती, हा निष्कर्षही चुकीचा होता. लबाड माणूस दार लावून घेतो. या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग सरळ होता. असोसिएशनशी ठरलेली दहा वर्षे १८९८ साली संपली आणि त्यापुढे केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालली. तटस्थतेचे नाव लावून तिच्यासाठी पैसा घेणे त्यांनी बंद केले.

केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन आधीच घेऊन ठेवली होती. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली, तेव्हा स्वतःच्या लहानपणची उपासमार त्यांना आठवली. त्या तेथे गेल्या आणि तीनएकशे मुली व तरुण विधवा वाचवायच्याच, असा निश्चय करून कामाला लागल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना ठेवता येईना; म्हणून त्या सगळ्या जणी आमच्या मांजरीवरून पुढे केडगावच्या माळावर गेल्या आणि झाडाखाली, तंबूत राहिल्या. तेथे 'मुक्ती' सदन उभे राहिले. पुढे १९००च्या गुजरातेतील दुष्काळाने आणखी भर पडली आणि दीड-दोन हजार माणसांचा तो संसार झाला.

हा आकडा नुसता वाचून सोडू नये. दीड हजार माणसांना रोज दोन वेळा भाकरी घालायची म्हणजे किती दळण, किती सरपण, किती पाणी! तेही भीमथडीच्या अवर्षणी माळावर. विहिरी खणल्या गेल्या. गाईगुरे पाळली, भाजीपाला लावला, तेलाचे घाणे, हातमाग, शिवणकाम, धुलाई, छापखाना असे उद्योग निघाले आणि ते चालवणाऱ्या सगळ्या बायकाच. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवले. वृद्धांसाठी प्रीतिसदन झाले. आणि फुलहॅमला जे पाहिले होते, त्याचेच मराठी रूप म्हणून 'कृपासदन' झाले.

येथे आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे थोडेच लक्ष गेले आहे. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी होते. दुष्काळ मात्र जात पाहून येत नाही. केडगावला आल्या त्या बहुतेक शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, अस्पृश्यांच्या लेकी. त्या एका पंक्तीला जेवू लागल्या. ज्यांच्यासाठी जोतीरावांनी असूड उगारला होता, त्यांच्या पोरींची ताटे चित्पावन शास्त्र्याच्या मुलीने मांडली.

आपल्या संतपरंपरेने प्रपंच आणि परमार्थ हा जोडशब्द दिला आणि दोन्ही नेटके साधावेत, असा उपदेशही केला. व्यवहारात मात्र आपण दोहोंची वाटणी करून टाकतो: सकाळची अर्धी घटका देवाची, बाकीचा दिवस आपला. केडगावला ही वाटणीच नव्हती. विहिरीला पाणी लागणे ही तेथे प्रार्थनेची गोष्ट होती आणि प्रार्थना ही विहिरीइतकी नित्याची. १९०५ साली तेथे जे धार्मिक जागरण झाले, त्याची वार्ता जगभर गेली. मुली रात्र रात्र प्रार्थना करीत, रडत, आनंदाने ओरडत, असे वर्णन आहे. त्यावर ख्रिस्ती जगात पुष्कळ लिहिले गेले. पण दुसऱ्या दिवशी तितकीच तोंडे भाकरीची वाट पाहत होती आणि ती भाकर मिळत राहिली, हे माझ्या मते त्याहून मोठे.

रमाबाईंच्या अखेरच्या कामातही हेच दिसते. त्या वेळी प्रचलित असलेले मराठी बायबल त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या पोरींना ते कळत नसे. पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे मनावर घेतले. खिळे जुळवले, छापले ते केडगावच्या बायकांनी. हिंदू धर्मग्रंथांतून आलेले शब्द त्या कटाक्षाने टाळत. त्यांची पुढच्या काळातली धर्मविषयक मतेही कठोर होती आणि भाषेलाही त्याची किंमत मोजावी लागली. तो अनुवाद फारसा रूढ झाला नाही. पण जिच्या संस्कृतने कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, तिने तेच संस्कृत एका शेतमजुराच्या मुलीला समजावे म्हणून बाजूला ठेवले. विद्वानाला याहून अवघड त्याग मला सुचत नाही. धन सोडणे सोपे; जिच्यामुळे आपण मोठे झालो ती भाषा सोडणे फार कठीण.

१९२१च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा ती एकुलती एक मुलगी चाळिशीतच गेली. आईने काम थांबवले नाही. शेवटची मुद्रिते तपासायला आणखी दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते दिवस त्यांना मिळाले, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

महाराष्ट्राने या बाईला फार उशिरा जवळ केले. हिंदूंना ती गमावलेली वाटली, मिशनऱ्यांना ती पुरती हाती न आलेली वाटली. तिच्या ख्रिस्तावर आमची श्रद्धा असावीच, असे नाही, माझीही नाही. पण श्रद्धा सगळ्या मनाने ठेवली म्हणजे ती कोठे दिसते, एवढे केडगावने मला शिकवले. ती पीठ दळणाऱ्या हातांत, विहिरीच्या काठावर आणि ज्याला कोणी घरात घेत नाही अशा माणसाच्या पुढे मांडलेल्या ताटात दिसते. आपल्या धर्माचा, मग तो कोणताही असो, हिशेब मांडायला बसलो तर याच वह्या काढाव्या लागतील. मांजरीच्या त्या शेतकऱ्याने रेखाटलेल्या घरात, जेथे चार धर्मांची माणसे भांडणावाचून राहतात, तेथेही शेवटी प्रश्न हाच विचारला जाईल: आज चूल कोणी पेटवली आणि कोणाकोणाला जेवू घातले?