पाते आणि दांडा

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. ज्या रानात वाढला त्याच रानावर उलटला, असा फितुरीचा डाग या म्हणीने दांड्याच्या कपाळी कायमचा लावला. परंतु दांड्याच्या वाट्यास आलेला अन्याय एवढ्यावरच थांबत नाही. इतिहासानेही त्याची उपेक्षाच केली आहे. त्या उपेक्षिताविषयी चार शब्द सांगावेत, आणि घरोघर अडगळीत पडलेल्या जुन्या हत्यारांचे दांडे पुन्हा नीट करताना काय राखावे व काय टाकावे याचा थोडा विचार करावा, असा आजचा मानस आहे.

मानवाच्या प्राचीन इतिहासाचे आपण पाषाणयुग, कांस्ययुग आणि लोहयुग असे भाग पाडतो. कोपनहेगन येथील संग्रहालयाची मांडणी करताना ख्रिश्चन थॉमसेन या डॅनिश विद्वानाने ही विभागणी योजिली, आणि १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेतून ती सर्वत्र पसरली. विभागणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि ही तिन्ही नावे पात्यांची आहेत. दगडाचे पाते असो, काशाचे असो वा लोखंडाचे असो, ते हातात धरावयास लाकूड हे लागलेच. पण लाकडाच्या नावाचे युग कोणी मानले नाही. कारण उघड आहे. जमिनीत पुरलेला दगड टिकतो, तांबे टिकते, लोखंडाचाही गंजलेला गोळा तरी उरतो. लाकूड मात्र वाळवी आणि बुरशी यांच्या मुखी पडून मातीला मिळते. जे उरले त्याचे नाव युगाला मिळाले. जे कुजले ते विस्मृतीत गेले.

आपल्याच भूमीतील उदाहरण घ्यावयाचे तर आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जोर्वे या गावाचे घेता येईल. प्रवरेच्या काठी असलेल्या या गावी १९५०-५१ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. शांताराम देव यांनी उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीतील तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. आजच्या कुऱ्हाडीला दांडा घालण्यासाठी जे नेढे असते, ते या कुऱ्हाडींना नाही. अर्थात पाते दांड्याच्या खाचेत बसवून ते आवळून बांधीत असले पाहिजेत. पण तो दांडा कोणत्या लाकडाचा, किती लांबीचा, कशाने बांधलेला, याचे उत्तर ते पाते देत नाही.

असे उत्तर एके ठिकाणी मात्र निसर्गाने जपून ठेवले होते. १९९१ च्या सप्टेंबरात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, बर्फ वितळून पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचा देह उघडा पडला. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, आणि तिचा दांडा शाबूत होता. तो यू नावाच्या वृक्षाचा असून सुमारे ६० सेंटिमीटर लांब आहे. जेथे खोडाला फांदी फुटते ते नैसर्गिक वळण निवडून तो घडविलेला आहे. पाते खाचेत बसवून भूर्जवृक्षाच्या सालीपासून काढलेल्या डांबरासारख्या द्रव्याने चिकटविले आहे आणि त्यावर चामड्याची वादी गुंडाळली आहे. पाते एकटेच मिळते, तर ‘ताम्रयुगीन कुऱ्हाड’ एवढीच नोंद झाली असती. दांड्यामुळे झाड पारखणारा डोळा आणि गाठ आवळणारा हात यांचे दर्शन घडले.

याहून विलक्षण उदाहरण इंग्लंडातील ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेचे आहे. आठव्या हेन्री राजाची ही नौका १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्‌समथनजीकच्या समुद्रात बुडाली. ती एका कुशीवर कलंडून गाळात रुतली. गाळाने झाकलेल्या भागात प्राणवायू पोहोचला नाही, लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांचा शिरकाव झाला नाही, आणि म्हणून नौकेची एक बाजू साडेचारशे वर्षांच्या जवळपास टिकून राहिली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तो सांगाडा वर काढण्यात आला. नौकेवरील सुताराच्या खोलीत त्याच्या हत्यारांच्या पेट्या सापडल्या. जमिनीवरील नियम येथे नेमका उलटा झाला होता. खाऱ्या पाण्याने लोखंडाची पाती बहुतेक खाऊन टाकली होती. लाकडी दांडे, मुठी आणि रंध्यांचे ठोकळे मात्र राहिले होते.

हे लाकूड वाचविण्यासाठी संरक्षकांनी जे केले, ते आपणही ध्यानी घेण्याजोगे आहे. पाण्याने भरलेले जुने लाकूड एकदम वाळविले तर त्याच्या पेशी मिटतात आणि ते आकसून तडकते. म्हणून नौकेच्या सांगाड्यावर प्रथम थंड पाण्याचे तुषार, आणि १९९४ पासून २०१३ पर्यंत पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचे तुषार सतत सोडण्यात आले. पाण्याची जागा त्या द्रव्याने घेतली, आणि मगच वाळवणी सुरू झाली. जे होते ते होते तसे टिकविणे, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू. कोणी तेथे सामान घासून नवे कोरे करावयास निघाले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद असो वा बेळगाव; पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या घराच्या माळ्यावर शोधले तर एखादी कुदळ, एखादा वाकस, एखादी पटाशी सापडावयाची. पाते गंजलेले, दांडा धुळीने काळवंडलेला. तो दांडा बहुधा बाभळीचा असेल, किंवा धामणीसारख्या चिवट लाकडाचा असेल. गावगाड्यात हे काम सुताराचे होते. शेतकऱ्याने लाकूड आणावे, सुताराने दांडा घडून पाचर ठोकून द्यावी, आणि खळ्यावर धान्य आले की आपले बलुते न्यावे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे. पण व्यवस्थेचे वर्णन म्हणजे माणसाचे चरित्र नव्हे. ज्याने तो दांडा घडला आणि ज्याने तो तीस-चाळीस वर्षे हाती धरला, त्या दोघांनीही बहुधा कागदावर एक अक्षर लिहिले नाही. त्यांनी लिहिले असेल तर ते दांड्यावरच. तळहात जेथे टेकत असे तेथील झीज, अंगठ्याचा खळगा, घामाने आणि घर्षणाने चढलेली झिलई, फुटल्यावर आवळलेली तार, ही सारी त्या निरक्षर हातांची अक्षरे आहेत.

म्हणूनच जुना दांडा हाती आला की लगेच खरकागद घेऊन त्याला पांढरे लाकूड दिसेपर्यंत घासावे, हा उत्साह आवरला पाहिजे. अर्ध्या तासात चारदोन पिढ्यांची नोंद भुशात जाते, आणि ती पुन्हा लिहिता येत नाही. उलट, काहीच न करता हत्यार दमट कोपऱ्यात टाकून देणे म्हणजे ते वाळवीच्या हवाली करणे होय. मध्यम मार्ग साधा आहे. धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. मळ साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि दांडा सावलीत वाळू द्यावा. खरकागद फिरवावा तो फक्त हाताला कूस लागेल अशा जागी. जुना रंग असल्यास त्यात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून त्याची पूड श्वासावाटे घेऊ नये. दांडा ढिला झाला म्हणून कुदळ पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र आहे. त्याने लाकूड फुगून तात्पुरते घट्ट बसते. पण वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक ढिले होते. कोरडी पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

शेवटी तेल. ते जवसाचे असावे. तिळाचे किंवा भुईमुगाचे तेल लाकडावर चिकट राहते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि लाकडात मुरून बसते. पातळ हात द्यावा, पाव तासाने उरलेले तेल पुसून काढावे, दोन-चार दिवसांनी दुसरा हात द्यावा. मात्र तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. घट्ट होताना हे तेल उष्णता निर्माण करते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फिया शहरातील एका ३८ मजली इमारतीस अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि अग्निशामक दलाचे तीन जवान प्राणास मुकले. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुसून त्यांची पूजा करतो. त्या दिवशी गंधफूल बहुधा पात्याला वाहिले जाते. येत्या खंडेनवमीस घरातील जुने हत्यार खाली काढावे, दांड्याला तेलाचा हात द्यावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे की हे कोणाच्या हातचे. उत्तर मिळाल्यास ते एका चिठ्ठीवर लिहून हत्यारास बांधून ठेवावे. जोर्व्याच्या कुऱ्हाडींना अशी चिठ्ठी नव्हती, आणि दांडाही उरला नाही. आपल्या घरी निदान दांडा आहे, आणि सांगणारे माणूसही अजून आहे.