गढीची कुळकथा

शेगावच्या स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूचा मुक्काम पूर्वी धर्मशाळेत पडे, हल्ली तो गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात पडतो. परंतु वऱ्हाडच्या मुलुखात गावोगावच्या पांढरीवर ज्या ढासळत्या गढ्या उभ्या आहेत, त्यांपैकी एखाद्या गढीत पाहुणा म्हणून रात्र काढावी, असा विचार कोणाच्या मनास शिवत नाही. तिकडे सासवडजवळ जाधववाडीची गढी, म्हणजेच जाधवगढी, मात्र आज आलिशान हॉटेल झाली असून, तिच्या दरवाजात पाहुण्याचे स्वागत तुतारीने होते.

ही गढी पिलाजी जाधवराव यांनी १७१० साली बांधली. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहू महाराजांच्या पदरी जे सरदार उदयास आले, त्यांपैकी पिलाजी एक. पुढे थोरल्या बाजीरावांच्या माळवा-बुंदेलखंडाच्या मोहिमांत त्यांनी तलवार गाजविली. अशा सरदाराची गढी म्हणजे निव्वळ तटबंदी नव्हे. वसुलाचे दफ्तर, धान्याची पेवे, शिबंदीचा बंदोबस्त, कुटुंबकबिला आणि दाराशी आलेल्या फिर्यादी रयतेची दाद, हे सारे एकाच आवारात नांदत असे. आणि परगावचा कारकून, जासूद वा सोयरा आला तर त्याच्या शिध्याची तजवीजही तेथूनच होई. आतिथ्य हा गढीचा नवा धंदा नव्हे, तो तिच्या जुन्या कर्तव्यांपैकी एक होय, असे माझे मत आहे.

वास्तू निराधार झाल्या त्या उत्पन्न आटल्यामुळे. काळाची पावले ओळखून जयपूरच्या महाराजांनी रामबाग महाल १९५७ मध्ये, तर उदयपूरच्या महाराणांनी सरोवरातील महाल १९६३ मध्ये पाहुण्यांस खुला केला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेच बंद झाल्यावर ही वाट अनेकांना धरावी लागली. आपल्याकडे रंकाळ्याकाठचा, १९३०च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. गढ्यांवरचा घाव निराळा होता. १९६२च्या कायद्याने पाटीलकीची वतने गेली, भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, कर्ती पिढी शहरात गेली आणि माळवदावर उगवलेला पिंपळ उपटावयास कोणी उरले नाही. जाधवगढीला मात्र हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांच्या रूपाने धनी भेटला व २००७ मध्ये तेथे हॉटेल सुरू झाले; त्याच आवारात ‘आई’ नावाचे जुन्या वस्तूंचे संग्रहालयही आहे.

सरदाराच्या वास्तूत मेजवान्या झडाव्यात, हे काहींना रुचत नाही. त्या भावनेविषयी मला आदर आहे. तथापि ज्या घरात माणसे निजतात, त्याच घराच्या पन्हाळी पावसाळ्यापूर्वी साफ होतात, हे कोणाही घरमालकास पटेल. आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा येथील लखुजीराजे जाधवांचा वाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून शासनाच्या संरक्षणाखाली आहे, आणि तेथे पंगत नव्हे, वंदनच शोभते. प्रश्न उरतो तो अनाम पाटला-देशमुखांच्या गढ्यांचा.

त्यांचे दुर्दैव त्यांच्या मातीतच आहे. जाधवगढी दगडी, वऱ्हाडची गढी बहुधा पांढऱ्या चिकण मातीची, आणि धाब्याच्या छतावर थापण्यास या मातीइतकी गुणी माती नाही. त्यामुळे धनी गेल्यावर गावाने पाटीफावड्याने गढीच उकरून आपापल्या घरांवर घातली. त्यात गावाचा दोष नाही. गरज होती आणि माती होती. परंतु जेथे दगडी जोते, सागवानी दरवाजा आणि एखादा बुरूज अद्याप शाबूत आहे, तेथे त्याची मोजणी व नकाशा तरी तातडीने व्हावा, आणि वारसदारांची संमती मिळाल्यास चार खोल्या नीट करून शेगावच्या यात्रेकरूंसाठी उघडाव्यात. त्यांना संगमरवर नको. जाड भिंतींचा गारवा, पिण्याचे पाणी आणि पिठले-भाकरी पुरे.