एका दिवसाची कीर्ति : उमरठ आणि ब्रुकलाईन

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव तानाजी मालुसऱ्याच्या समाधीमुळें वाचकांस परिचित आहे. ज्याचें नांव एका रात्रीच्या पराक्रमाशीं कायमचें जडलें, त्याच्या समाधीपुढें उभें राहिलें असतां संशोधकाच्या मनांत एक प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं : त्या रात्रीपैकीं आपणांस कागदानें किती ठाऊक आहे आणि शाहिरानें किती? माघ वद्य ९ शके १५९१, म्हणजे ता. ४ फेब्रुवारी १६७०, ही तिथि जेधे शकावलीनें राखली. तानाजी व उदेभान यांची नांवें सभासदानें दिलीं. रायबाचें लग्न आणि दोर बांधलेली घोरपड हें तुळशीदासाच्या पोवाड्याचें देणें. गडास सिंहगड हें नांव तानाजीच्या मरणानें पडलें ही समजूत तर १६६३ च्या पत्रांतच तें नांव आढळत असल्यानें टिकत नाहीं.

कागद तुटपुंजा म्हणून दंतकथा वाढते, असें आपण नेहमीं म्हणतों. हें विधान पारखावयाचें तर ज्याची घडामोड जागच्या जागीं टिपली गेली असा एखादा दिवस समोर हवा. तसा दिवस गॉल्फाच्या इतिहासांत सांपडतो. खेळाचें उदाहरण या पृष्ठांत कोणास खटकेल; परंतु मुंबईस गॉल्फचा क्लब १८४२ सालींच निघाला होता, तेव्हां हा खेळ आपल्या इलाख्यास अगदींच परका नव्हे. शिवाय येथें साम्य साधनांचें पाहावयाचें आहे, युद्धाचें व खेळाचें नव्हे.

अमेरिकेंत बॉस्टनजवळ ब्रुकलाईन येथें सप्टेंबर १९१३ मध्यें त्या देशाची खुली स्पर्धा झाली. ज्याचे फटके कमी तो विजयी, हा या खेळाचा नियम. चार फेऱ्यांअंतीं तिघांचे फटके सारखेच, ३०४, भरले. त्यांपैकीं हॅरी व्हार्डन व टेड रे हे इंग्रज धंदेवाईक खेळाडू. व्हार्डन ब्रिटनची खुली स्पर्धा पांच वेळां जिंकलेला, रे १९१२ चा विजेता. तिसरा फ्रान्सिस विमेट, वय वर्षें वीस, निव्वळ हौशी. त्याचें घर मैदानाच्या सतराव्या खळग्यासमोर, रस्त्यापलीकडे होतें, आणि लहानपणीं त्यानें याच मैदानावर इतरांच्या काठ्या वाहिल्या होत्या. ता. २० रोजीं पावसानें भिजलेल्या जमिनीवर तिघांची निर्णायक फेरी झाली. विमेटच्या काठ्या वाहणारा एडी लोवरी दहा वर्षांचा होता.

आतां पत्रक पाहूं. पहिल्या नऊ खळग्यांअखेर तिघेही ३८. अखेरीस विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८. नुसत्या बेरजेवरून विजय सोपा वाटेल. पण खळग्यागणिक आंकडे वाचले म्हणजे सतराव्याच्या आरंभीं विमेट व्हार्डनच्या अवघा एका फटक्यानें पुढें होता असें दिसतें. तेथें व्हार्डनचा चेंडू वाळूच्या खड्ड्यांत गेला. त्यास पांच फटके लागले, विमेटला तीन. अठराव्यावर आणखी दोनांची भर पडली. सारा प्रसंग या दोन ओळींत आहे.

येवढा लेख असूनही दंतकथा थांबली नाहीं. या स्पर्धेंत जिंकणारा पहिला अमेरिकन विमेट, असें पुष्कळदां ऐकूं येतें. पण १९११ व १९१२ या दोन्ही सालीं जॉन मॅकडरमट हा अमेरिकेंतच जन्मलेला खेळाडू जिंकला होता. विमेटचें खरें वैशिष्ट्य पहिला हौशी विजेता हें आहे, आणि तें कांहीं थोडें नव्हे. तो अगदीं अज्ञात पोर होता हेंही खरें नाहीं. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सची हौशी स्पर्धा त्यानें जिंकली होती. म्हणजे कागदाच्या अभावीं दंतकथा वाढते हें विधान अर्धेंच खरें. कागद असूनही लोक आपणांस हवा तो नायक घडवितात. कागदामुळें फक्त दुरुस्ती शक्य होते.

त्या दिवशीं विमेटचे फटके मांडण्याचें काम बर्नार्ड डार्विन याजकडे होतें. हा प्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विनचा नातू. लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर म्हणून आलेला, म्हणजे हरणाऱ्यांचा देशबांधव. प्रतिपक्षाच्या हातची नोंद विजेत्याच्या बाजूनें उभी राहिली म्हणजे तिचें मोल किती वाढतें, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको.

उमरठच्या वीराचा असा साक्षीदार कोणत्या बाजूस शोधावा, हें यावरून उघड आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें कोंढाणा मोंगलांकडे गेला होता आणि उदेभान त्यांचा किल्लेदार होता. गड गेल्याची खबर त्या बाजूनें कोणत्या शब्दांत लिहिली गेली, हें पाहणें अगत्याचें आहे. ज्या संग्राहकांजवळ १६७० च्या आरंभींचे दख्खनसंबंधीं फारसी कागद असतील, मग ते अर्धवट वा किडलेले कां असेनात, त्यांनीं ते टाकाऊ समजूं नयेत व त्यांची नक्कल प्रसिद्ध करावी, अशी विनंति आहे.