वेळूचा ऑर्गन

श्रोतेहो, ऑर्गन म्हटले की आपल्याला संगीत नाटकातला आठवतो. त्यात बाजाच्या पेटीसारख्या पितळी पट्ट्या असतात. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनची तऱ्हा निराळी. तिथे भात्याची हवा नळ्यांत शिरते, आणि नळी पाव्यासारखी बोलते. लांब नळीचा सूर खालचा, आखूड नळीचा वरचा. गुरुजींनी मुलांना पोकळ वेळू कापून हे जरूर दाखवावे.

वेळूच म्हणतो, कारण फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास इथल्या चर्चमध्ये वेळूचाच ऑर्गन आहे! स्पॅनिश पाद्री दिएगो सेरा यांनी १८१६ साली वेळू तोडवले आणि काही महिने समुद्रकाठच्या वाळूत पुरले. वेळूला कीड किती लवकर धरते, हे तुम्हाला का सांगायला हवे? वाळूतून जे धड निघाले तेवढेच घेतले. १८२४ मध्ये काम पुरे झाले. नळ्या १०३१, त्यांतल्या ९०२ वेळूच्या. तुतारीचा खणखणीत आवाज वेळूतून निघेना, म्हणून बाकीच्या धातूच्या.

पुढे भूकंप झाले, वादळे झाली, वाद्य मुके पडले. नवा धातूचा ऑर्गन बसवणे सोपे होते. पण मग लास पिन्यासचे त्यात काय उरले असते? गावाने जुनाच दुरुस्तीला धाडला, १९७३ साली, थेट जर्मनीत बॉनला. १९७५ मध्ये तो परत आला, आणि पुढच्या वर्षापासून तिथे त्याचा संगीत महोत्सव भरू लागला.