बेटांचा समुद्र

युरोपात आखल्या गेलेल्या जगाच्या नकाशात पॅसिफिक महासागर बहुधा उभा कापलेला असतो. त्याचा एक तुकडा पानाच्या डाव्या कडेला, दुसरा उजव्या कडेला. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापणाऱ्या या जलविस्तारालाही स्वतःचा मध्य आहे, हे त्या नकाशावरून उमगत नाही. त्यातील हजारो बेटे शाईच्या सांडलेल्या थेंबांसारखी दिसतात. या बेटांचा इतिहासही दीर्घकाळ याच दृष्टीने लिहिला गेला : लहान, एकाकी, समुद्राने एकमेकांपासून तोडलेल्या भूमींचा इतिहास. बेटवासीयांची स्वतःची जाणीव मात्र नेमकी उलट होती. त्यांच्या लेखी समुद्र ही भिंत नव्हती, वाट होती. या दोन दृष्टींमधील संघर्ष हाच ओशनियाच्या इतिहासाचा गाभा होय.

२८ नोव्हेंबर १५२० रोजी मॅगेलानची जहाजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील सामुद्रधुनीतून पॅसिफिकमध्ये उतरली आणि ६ मार्च १५२१ रोजी ग्वामला पोहोचली. मधल्या तीन महिन्यांहून अधिक काळात त्यांना केवळ दोन निर्जन बेटे दिसली. महासागर रिकामा आहे, ही युरोपची समजूत तेथूनच रुजली. वास्तविक त्यावेळी तेथील बहुतेक राहण्याजोगी बेटे कधीच वसलेली होती.

ही वसाहत हे मानवी इतिहासातील एक अपूर्व साहस म्हणावे लागेल. न्यू गिनीच्या ईशान्येस असलेल्या बिस्मार्क द्वीपसमूहात सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी दातेरी ठशांची नक्षी असलेली मातीची भांडी घडवणारे लोक राहत होते. न्यू कॅलेडोनियातील ज्या स्थळाचे १९५२ साली उत्खनन झाले, त्यावरून त्यांच्या संस्कृतीला ‘लापिता’ हे नाव मिळाले. काही शतकांतच हे लोक फिजी, टोंगा व सामोआपर्यंत गेले. तेथे हजाराहून अधिक वर्षे स्थिरावल्यानंतर त्यांच्या वंशजांनी पुन्हा शिडे उभारली. इ. स. १००० ते १३०० च्या सुमारास उत्तरेला हवाई, आग्नेयेला रापा नुई आणि नैर्ऋत्येला आओतेआरोआ, म्हणजे आजचा न्यूझीलंड, अशी तीन टोके असलेला विराट त्रिकोण त्यांनी वसवला.

या प्रवासाची साक्ष भाषा देतात आणि पिकेही देतात. पाच या संख्येला मलाय व हवाई भाषांत ‘लिमा’, माओरीत ‘रिमा’ आणि आफ्रिकेलगतच्या मादागास्करमध्ये ‘दिमी’ म्हणतात. हवाई भाषेत ‘लिमा’ म्हणजे हातसुद्धा. होड्यांतून माणसांबरोबर डुक्कर, कुत्रा, कोंबडी, नारळ, केळ व विलायती फणसाच्या जातीचे झाड गेले. मराठी परसातील अळू हेच तेथील एक मुख्य पीक, फक्त तेथे पानापेक्षा कंदाला मान अधिक. आपल्याकडे उपवासाला चालणारे रताळे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पण कुक बेटांतील मंगाइया येथे त्याचे युरोपीयांच्या आगमनापूर्वीचे जळके अवशेष सापडले आहेत. पॉलिनेशियन दर्यावर्दींचा त्या खंडाशी संपर्क आला होता, या मताला अशा पुराव्यांनी बळ मिळाले.

ही मजल त्यांनी होकायंत्राविना मारली. दोन लांब होड्या आडव्या लाकडांनी जोडून, किंवा कोकण किनाऱ्यावरील उलांडीसारखा तोल सांभाळणारा ओंडका एका अंगाला बांधून, त्यांच्या नौका सिद्ध होत. कोणता तारा क्षितिजाच्या कोणत्या बिंदूवर उगवतो व मावळतो, दूरच्या लाटा नौकेच्या तळाला कोणत्या बाजूने उचलतात, सायंकाळी पक्षी कोणत्या दिशेला परततात, ढगाच्या पोटावर उथळ पाण्याची हिरवट छटा दिसते काय, हे सारे नाविक मुखोद्गत ठेवी. त्याचा ग्रंथ म्हणजे त्याची स्मृती.

या विद्येची युरोपशी एक लक्षणीय भेट १७६९ मध्ये झाली. राइआतेआ बेटाचा पुरोहित व नाविक तुपाइया ताहितीहून कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला. त्याच्या माहितीवरून जो नकाशा तयार झाला, त्यात ७४ बेटे होती. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर माओरींना त्याचे बोलणे समजले. अनेक पिढ्यांच्या ताटातुटीनंतरही भाषेचा धागा तुटला नव्हता. १७७० च्या डिसेंबरात तुपाइया बटाव्हियात मरण पावला. त्याचा नकाशा युरोपीय दिशांच्या चौकटीत बसेना, तेव्हा पुष्कळांनी तो सदोष मानला.

पुढे नकाशे इतरांनी आखले. १८३१ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युरव्हिलने या प्रदेशाची मेलानेशिया, मायक्रोनेशिया व पॉलिनेशिया अशी विभागणी मांडली. पहिल्या नावात ‘काळी’, दुसऱ्यात ‘लहान’ व तिसऱ्यात ‘पुष्कळ’ बेटे असा अर्थ आहे. वर्णभेदाची सावली त्या नामकरणावर स्पष्ट पडली आहे. परकीय रोगांनी लोकसंख्या घटली. १८६२ पासून पेरूच्या जहाजांनी रापा नुईची माणसे पळवली. १८७७ मध्ये त्या बेटावर केवळ १११ माणसे उरली होती. हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथवले गेले आणि १८९६ मध्ये शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरवले गेले. समुद्र रिकामा आहे या कल्पनेची परिसीमा अणुयुगात झाली : अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांत ६७ अण्वस्त्र चाचण्या केल्या.

भूमीपाठोपाठ पूर्वजांचे कर्तृत्वही हिरावले जाऊ लागले. थोर हेयरदाल याने १९४७ मध्ये ‘कोन-टिकी’ तराफा पेरूहून १०१ दिवसांत तुआमोतू द्वीपसमूहातील रारोइआपर्यंत वाहत नेला आणि पॉलिनेशियाची वस्ती अमेरिकेतून आल्याचा सिद्धांत मांडला. न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्पने १९५६ मध्ये दूरची बेटे हेतुपुरस्सर नव्हे, तर भरकटलेल्या होड्यांमुळे वसली, असे प्रतिपादन केले. पूर्वज दर्यावर्दी नव्हते, वाऱ्यावर वाहून आलेले निराधार होते, असा याचा अर्थ होत होता.

त्याचे उत्तर समुद्रावरच मिळाले. हवाईत १९७५ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक घडणीची जोडनौका पाण्यात उतरली; परंतु ती ताऱ्यांवरून हाकणारा नाविक हवाईत उरला नव्हता. तो मिळाला मायक्रोनेशियातील सातावाल या इवल्याशा बेटावर. त्याचे नाव माउ पिआइलुग. आपल्या समाजाबाहेर ही विद्या देणे परंपरेला धरून नव्हते. ती न दिल्यास लोपेल, हेही त्याला दिसत होते. १ मे १९७६ रोजी निघालेली नौका ४ जून रोजी, एकाही उपकरणाविना, ताहितीच्या पापेएते बंदरात शिरली. तेव्हा हजारोंचा जनसमुदाय किनाऱ्यावर लोटला होता. १९७८ च्या सफरीत नौका उलटली आणि मदत आणण्यास निघालेला एडी आइकाउ परतला नाही. तरीही १९८० मध्ये माउचा हवाईयन शिष्य नाइनोआ थॉम्पसन ताहितीला जाऊन परत आला.

या अनुभवाला वैचारिक रूप दिले ते टोंगन लेखक एपेली हाउओफा यांनी. फिजीतील सुवा येथे अध्यापन करणाऱ्या हाउओफांनी १९९३ च्या आपल्या निबंधात बेटांचे ‘लहानपण’ हीच परकीय कल्पना असल्याचे दाखवले. जमीन मोजली तर ही राष्ट्रे क्षुद्र, समुद्र मोजला तर विशाल. किरिबातीची भूमी जेमतेम ८०० चौरस किलोमीटर. पण तिचे सागरी क्षेत्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या भूक्षेत्राहून अधिक. आज समुद्राची वाढती पातळी याच सखल बेटांना ग्रासू पाहत आहे. पूर्वजांनी ज्याला वाट मानले, त्याच पाण्याकडे वंशजांना शंकेने पाहावे लागते, ही या काळाची शोकांतिका होय.

२००७ मध्ये होकुलेआ सातावालला गेली. तिच्या सोबत एक नवी नौका होती, हवाईत बांधलेली आणि वृद्ध माउला अर्पण करण्यासाठी आणलेली. लहानशा बेटाने दिलेली विद्या त्याच समुद्रवाटेने परत आली होती.