अधिपती युक्तिवाद : शक्यतेविषयीचा प्राचीन ग्रीक पेच

जे आज घडत नाही आणि पुढेही कधी घडणार नाही, ते ‘घडू शकते’ असे म्हणण्यास काही अर्थ आहे काय? इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस डायोडोरस क्रोनस या ग्रीक तर्कशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. त्यासाठी त्याने रचलेला युक्तिवाद ‘अधिपती युक्तिवाद’ म्हणून ओळखला जातो. शक्य, अशक्य आणि अनिवार्य या संकल्पनांचा अभ्यास करणाऱ्या तर्कशास्त्राच्या शाखेत, म्हणजेच मोडल लॉजिकमध्ये, त्याची चर्चा आजही होते.

तीन विधाने

डायोडोरसची मूळ मांडणी लुप्त झाली आहे. तिचा सांगाडा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्या प्रवचनांत आढळतो. त्यानुसार पुढील तीन विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत :

१. भूतकाळाविषयीचे प्रत्येक सत्य अनिवार्य असते.
२. शक्यातून अशक्य निष्पन्न होत नाही.
३. जे सत्य नाही आणि पुढेही सत्य होणार नाही, असेही काही शक्य असते.

हा विरोध अ‍ॅरिस्टॉटलच्या प्रसिद्ध उदाहरणावरून समजून घेता येतो. उद्या आरमारी युद्ध होणार नाही, असे समजा. मग ‘परवा युद्ध होणार नाही’ हे विधान कालही सत्य होते. ते सत्य आता भूतकाळात जमा झाले, म्हणून पहिल्या विधानानुसार ते अनिवार्य ठरले. उद्या युद्ध झालेच, तर कालचे ते सत्य असत्य ठरेल. पण तसे होणे अशक्य आहे. ज्यातून अशक्य निष्पन्न होते ते स्वतःही अशक्य, म्हणून युद्धही अशक्य.

तीन उत्तरे

डायोडोरसने तिसरे विधान नाकारले. त्याच्या व्याख्येनुसार शक्य म्हणजे जे सत्य आहे किंवा पुढे सत्य होईल तेच. त्याचा शिष्य फिलो याने ही व्याख्या स्वीकारली नाही. समुद्राच्या तळाशी पडलेले भुस्कट कधीच जळणार नसले, तरी जळण्याची योग्यता त्याच्या ठायी असते, असे त्याचे मत होते.

स्टोइकांपैकी क्लिआंथीसने पहिले विधान सोडले, तर क्रिसिप्पसने दुसरे. सिसेरोने नोंदविल्याप्रमाणे, हे रत्न कधीच फुटणार नसले तरी ते फुटू शकते, असे क्रिसिप्पसचे म्हणणे होते. हा वाद केवळ शाब्दिक नव्हता. जे घडणार नाही ते अशक्यच असेल, तर न केलेल्या कर्तव्याचा दोष माणसाला कसा द्यायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

आधुनिक अर्थ

न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५५ मध्ये डायोडोरसच्या शक्यताविचाराची चिन्हांकित मांडणी केली. निष्कर्षापर्यंत पोहोचण्यासाठी आणखी गृहीतके लागतात, हे त्यांच्या पुनर्रचनेतून स्पष्ट झाले. त्यांतील एक असे : जे आज सत्य आहे, ते ‘सत्य होणार’ हे पूर्वीही सत्यच होते. म्हणजे वरच्या उदाहरणात ‘कालही सत्य होते’ ही पायरी वाटते तितकी निरुपद्रवी नाही. याच अभ्यासातून प्रायर यांचे कालाचे तर्कशास्त्र आकाराला आले. १९५८ मध्ये सॉल क्रिप्की या अवघ्या १७ वर्षांच्या अमेरिकी विद्यार्थ्याने प्रायर यांना पत्र लिहून, भविष्यकाळ एका सरळ रेषेऐवजी फांद्या फुटणाऱ्या वृक्षासारखा मानावा, असे सुचविले.

पुढे ही कल्पना संगणकशास्त्रात रुजली. इस्रायली शास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये संगणक-प्रणालींच्या पडताळणीसाठी कालाचे तर्कशास्त्र वापरण्याचा मार्ग दाखविला. १९९६ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ‘प्रत्येक विनंतीला कधी ना कधी उत्तर मिळेल’ या अटीतील ‘कधी ना कधी’, म्हणजे आता किंवा पुढे केव्हातरी, हीच डायोडोरसची ‘शक्य’ची व्याख्या. मात्र प्रणालीच्या एकाच सरळ वाटचालीकडे पाहिले, तर ‘बिघाड होणार नाही’ आणि ‘बिघाड होऊच शकत नाही’ यांतील भेद दिसत नाही. तो दिसण्यासाठी सर्व संभाव्य फांद्या विचारात घ्याव्या लागतात. १९८१ मध्ये एडमंड क्लार्क व अ‍ॅलन इमर्सन यांनी नेमके असेच शाखायुक्त कालाचे तर्कशास्त्र पडताळणीसाठी योजले. न फुटलेले रत्नही फुटू शकते, हा क्रिसिप्पसचा आग्रह या पद्धतीत नव्या रूपाने जपला गेला आहे.