हायकोर्टाची घडण

मुंबईचें हायकोर्ट म्हणजे दोन निराळ्या न्यायपरंपरांचा संगम होय. इ. स. १८६२ पूर्वीं मुंबई शहरांत राजसत्तेचें सुप्रीम कोर्ट होतें. मुफसलांत मूळ कंपनीनें स्थापिलेल्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालतींचा अंमल चाले. १८६१ च्या कायद्यान्वयें हीं न्यायासनें एकत्र झालीं व १४ ऑगस्ट १८६२ रोजीं हायकोर्टाचें काम सुरू झालें. तथापि जुनी शीव पुसली गेली नाहीं. आजही शहरांतील मोठ्या रकमेचे दावे मूळ शाखेंत प्रथम दाखल होतात, तर जिल्ह्यांतील अपिलें अपील शाखेकडे जातात.

पुढें प्रांत वाढला आणि अंतराचा प्रश्न उभा राहिला. नागपुरास १९३६ पासून स्वतंत्र हायकोर्ट होतें. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तेथें मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ बसूं लागलें. त्याच वर्षीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पण तेथील पक्षकारास अपिलासाठीं पंचवीस वर्षें मुंबईच गांठावी लागे. वकिलाच्या फीपेक्षां प्रवास व मुक्काम यांचाच धाक गरिबास अधिक. १९८१ सालीं औरंगाबादेस खंडपीठ झालें, १९८२ सालीं गोव्यास, आणि २०२५ च्या ऑगस्टांत कोल्हापुरास फिरतें खंडपीठ मिळालें.

कायदा सर्वांस एकच असतो. न्यायालयाची वाट मात्र सर्वांस सारखी नसते. ती जवळ आणणें, हाच या विस्ताराचा खरा अर्थ होय.